नर्सिंगचं कर्ज आणि 'नर्स कोअर' (अमेरिका): सही करण्याआधी ठिकाण तपासा

केळीबन

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. टेक्सासमध्ये नर्सिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे आणि डोक्यावर साठ-पासष्ट हजार डॉलरचं कर्ज. हातात दोन नोकऱ्यांची पत्रं होती आणि दोन्हीकडच्या एचआरच्या बाईंनी मुलाखतीत ठामपणे सांगितलं होतं, "आमच्याकडे लोन रिपेमेंटचा फायदा मिळतो." कुठली घेऊ, एवढंच तिला विचारायचं होतं. आम्ही दीड तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझे दहा महिने वाचले असते. म्हणून हा धागा.

माझ्याबद्दल थोडं. मी जळगावकडची. लग्नानंतर इकडे आले, नवऱ्यामुळे ग्रीन कार्ड मिळालं. भारतातली बी.कॉम. होती, तिच्या जोरावर सोळा महिन्यांचा वेगवान बीएसएन (नर्सिंगची पदवी) कोर्स केला. सरकारी कर्ज आणि खासगी कर्ज मिळून ६८,००० डॉलर झाले. नवऱ्याचं काम पवनचक्क्यांवर, त्यामुळे आमचं बिऱ्हाड पश्चिम कॅन्ससमध्ये. चहूकडे गहू आणि वारा, आणि भारतीय किराण्यासाठी तीन तास गाडी हाकत विचिटा गाठायचं.

आता मुद्दा. 'नर्स कोअर लोन रिपेमेंट प्रोग्रॅम' ही केंद्र सरकारची योजना आहे. एचआरएसए नावाचं खातं ती चालवतं, बोलताना सगळे 'हर्सा' म्हणतात. जिथे नर्स मिळत नाहीत अशा ठिकाणी तुम्ही २ वर्षं पूर्ण वेळ काम करायचं. त्या बदल्यात तुमच्या नर्सिंग शिक्षणाच्या शिल्लक कर्जाच्या ६० टक्के रक्कम मिळते, दर वर्षी ३० टक्के. तिसऱ्या वर्षासाठी वेगळा अर्ज करता येतो, मंजूर झाला तर मूळ रकमेच्या आणखी २५ टक्के. ६८,००० वर ६० टक्के म्हणजे ४०,८००. आकडा ऐकून मी पण हरखले होते.

पण ही मदत तुमच्या डिग्रीला मिळत नाही, तुम्ही ज्या इमारतीत कामाला जाता त्या इमारतीला बघून मिळते. माझी चूक तिथेच झाली. पास झाल्यावर मी एका डायलिसिस सेंटरमध्ये लागले. एचआरच्या बाई म्हणाल्या, "हो हो, आमचं सेंटर शॉर्टेज एरियात आहे, तुला मिळेल." एरिया शॉर्टेजचाच होता, त्यात त्या खोटं बोलल्या नाहीत. डायलिसिस सेंटरही यादीत बसतं. पण ते सेंटर नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचं होतं आणि योजनेला फक्त सरकारी किंवा ना-नफा संस्था चालतात. हे मला अर्ज भरायला बसले तेव्हा, म्हणजे दहा महिन्यांनी कळलं. त्या रात्री मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून नुसती बसून होते. व्याज तर रोज चढतच होतं.

नंतर मी आताच्या हॉस्पिटलात आले. हे 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटल' आहे. १९९७च्या कायद्याने हा प्रकार आला: जास्तीत जास्त २५ खाटा आणि दुसरं हॉस्पिटल साधारण ३५ मैलांच्या आत नको. एकट्या कॅन्ससमध्ये अशी ८० हून जास्त हॉस्पिटलं आहेत. आमच्याकडे रात्री मजल्यावर दोन नर्स असतात आणि इमर्जन्सीत कुणी आलं तर त्यातलीच एक खाली धावते. ब्रेकरूममध्ये पांढरा फळा आहे. रिकाम्या पाळ्या त्यावर लाल मार्करने लिहिलेल्या असतात आणि समोर कुणीतरी निळ्याने आपलं नाव घालायचं. मी रुजू झाले त्या महिन्यात त्या फळ्यावर निळ्यापेक्षा लाल जास्त होतं.

म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन गोष्टी स्वतः तपासा, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. संस्था ना-नफा किंवा सरकारी आहे का. ते ठिकाण हर्साच्या व्याख्येत बसणारं 'क्रिटिकल शॉर्टेज फॅसिलिटी', म्हणजे नर्सची तीव्र टंचाई असलेलं ठिकाण, आहे का. आणि त्या पत्त्याचा 'हिप्सा' स्कोअर, म्हणजे तिथे आरोग्यसेवेची टंचाई किती आहे ते सांगणारा आकडा, किती. हर्साच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की तो दिसतो. प्राथमिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य, दोन्हींचा स्कोअर जास्तीत जास्त २५ असतो. अर्ज येतात ढिगाने आणि पैसा मर्यादित. ज्यांचं कर्ज वर्षाच्या पगाराइतकं किंवा त्याहून जास्त आहे त्यांना आधी घेतात आणि त्यातही स्कोअर बघतात. माझा पगार तेव्हा ६१,००० होता, कर्ज त्याहून जास्त, म्हणून माझा नंबर लागला.

आठवड्याला किमान ३२ तास भरायला लागतात. एजन्सीमार्फत ट्रॅव्हल नर्स असाल किंवा गरजेपुरतं पीआरएन काम करत असाल तर चालत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. पाळ्या सांभाळून उत्तर देईन.

एडिसनकर

फार उपयोगी लिहिलंत ताई. माझी मुलगी न्यू जर्सीत नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या नावावर तिचं स्वतःचं सरकारी कर्ज आहे आणि उरलेलं मी पेरेंट प्लस (पालकांनी काढायचं सरकारी कर्ज) घेतलंय. ते जास्तच आहे. ती पास झाल्यावर दोन्ही मिळून अर्ज करता येईल ना?

केळीबन

काका, इथे थोडी वाईट बातमी आहे. पेरेंट प्लस कागदोपत्री तुमचं कर्ज आहे, तिचं नाही, त्यामुळे नर्स कोअरमध्ये ते धरत नाहीत. फक्त तिच्या नावावरचं धरतील. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलांना सरकारी कर्ज मिळतंच कमी: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्याला ६,५००, पुढे ७,५००, एकूण ३१,०००. म्हणजे तिचं कर्ज पगाराच्या निम्म्याच्या आसपास राहील आणि प्राधान्याच्या रांगेत ती मागे पडेल.

आणखी एक. तिचं कर्ज दुसऱ्या कुठल्याही कर्जात मिसळून एकत्र करू नका. नर्सिंगचं कर्ज नर्सिंगबाहेरच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या कर्जासोबत कन्सॉलिडेट केलं की ते सगळंच अपात्र होतं. माझ्या वर्गातल्या एकीने हप्ता कमी होतो म्हणून आधीच्या एमबीएचं कर्ज त्यात घातलं आणि दार कायमचं बंद झालं.

एडिसनकर

हे आधी कळायला हवं होतं. कॉलेजच्या आर्थिक मदत कक्षात मी स्वतः दोनदा जाऊन आलो, कुणी अवाक्षर काढलं नाही. पण निदान एकत्र करण्याची चूक तरी टळली. आभार.

मिरजकर_सिस्टर

नमस्कार. मी मिरजेत बीएससी नर्सिंग केलं, २०१४ला पास झाले. सांगलीच्या एका बँकेचं चार लाखांचं कर्ज होतं, वडील शेतकरी. पहिल्या नोकरीत अकरा हजार पगार होता, त्यातून हप्ता जायचा आणि महिनाअखेरीला एसटीच्या पासाला पैसे उरायचे नाहीत. पुढे आखातात गेले, मग एनसीएलएक्स (इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) दिली आणि इकडे आले, थेट ग्रीन कार्डावर. आता मिसूरीत एका ग्रामीण हॉस्पिटलात आहे. ते ना-नफा आहे आणि शॉर्टेज एरियातही आहे. कर्जाचे अजून दीड लाख बाकी आहेत. मला नर्स कोअर मिळेल का? ग्रीन कार्ड चालतं असं वाचलं.

केळीबन

सिस्टर, ग्रीन कार्ड चालतं हे खरं. नागरिक किंवा कायम रहिवासी, दोघेही पात्र. पण नर्सिंगचं शिक्षण अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजात झालेलं असावं लागतं. तुमची डिग्री आणि कर्ज दोन्ही तिकडचं, त्यामुळे ते यात बसत नाही. वाईट वाटतं लिहिताना, कारण काम आपण दोघी एकच करतो.

तुम्ही हॉस्पिटलच्या थेट पगारावर आहात की एजन्सीच्या?

मिरजकर_सिस्टर

एजन्सीच्या. तीन वर्षांचा करार आहे. आधी सोडलं तर भरपाई म्हणून इतकी रक्कम लिहून घेतलीय की ती वाचून माझ्या नवऱ्याने दोन दिवस नीट जेवण केलं नाही. आता आठ महिने राहिलेत.

केळीबन

मग ते आठ महिने आधी पूर्ण करा. तसंही दुसऱ्या कुणाशी सेवेचा करार बाकी असताना नर्स कोअरला अर्ज करता येत नाही. आणि हे इथे जन्मलेल्या मुलींनाही लागू आहे, म्हणून सगळ्यांसाठी ठळक सांगते: साइन-ऑन बोनस घेताना जपून. "दोन वर्षं राहा नाहीतर बोनस परत करा" असं पत्रात असेल तर तो करार सेवेचं बंधन ठरू शकतो आणि त्यापायी अर्ज बाद होऊ शकतो. दहा हजारांच्या बोनसपायी चाळीस हजार जायला नकोत. पत्रातली ती ओळ शोधून वाचा.

तुमच्या दीड लाखांचं म्हणाल तर डॉलरच्या पगारातून ते एका फटक्यात फेडून टाका आणि बँकेकडून बेबाकी दाखला लेखी घ्या. पुढे इथे एमएसएन (नर्सिंगची पदव्युत्तर पदवी) किंवा नर्स प्रॅक्टिशनरचं (स्वतः तपासून औषधं लिहून देणारी नर्स) शिक्षण घेतलंत तर त्या कर्जासाठी मात्र तुम्ही पात्र ठरू शकता.

स्टेथो

केळीबन, धागा वाचनखूण करून ठेवलाय. मी नर्स प्रॅक्टिशनर आहे, कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, शेतमजुरांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात. दोन गोष्टींची भर घालतो.

एक: नर्स प्रॅक्टिशनर आणि मिडवाइफसाठी 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर'ची वेगळी योजना आहे. अलीकडच्या फेऱ्यांत प्राथमिक उपचारांतल्या लोकांना २ वर्षांच्या पूर्ण वेळ सेवेसाठी ७५,००० डॉलरपर्यंत देतात आणि त्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. नर्स कोअरच्या पैशांवर लागतो. हा फरक फार मोठा आहे. दोन्ही योजनांचं सेवाबंधन एकाच वेळी घेता येत नाही, म्हणून प्रॅक्टिशनरनी आधी ही बघावी. साध्या आरएनला (नोंदणीकृत नर्सला) मात्र ही नाही.

दोन: पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्या लोकांसाठीची कर्जमाफी. सरकारी किंवा ५०१(सी)(३), म्हणजे ना-नफा, संस्थेत पूर्ण वेळ काम करत डायरेक्ट लोनचे (केंद्र सरकारच्या थेट कर्जाचे) १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, केंद्राचा कर नाही. २००७च्या कायद्यातली योजना आहे. इथे आठवड्याला ३० तास पुरतात आणि शॉर्टेज एरियाची अटही नाही. फक्त पगार कुणाच्या नावाने निघतो ते बघतात. एजन्सीच्या नावाने निघत असेल तर हॉस्पिटल कितीही धर्मादाय असो, उपयोग नाही. माझे ८७ हप्ते झाले होते आणि २०२४च्या उन्हाळ्यात माझी सेव्ह योजना (उत्पन्नावरून हप्ता ठरवणारी) कोर्टात अडकली. हप्ते थांबवले गेले, पण ते महिने मोजलेही जात नव्हते. शेवटी मी उत्पन्नावर आधारित दुसऱ्या योजनेत गेलो. दर वर्षी एम्प्लॉयरचा फॉर्म भरून हप्त्यांची मोजणी तपासत जा, दहाव्या वर्षी जागं होऊन चालत नाही.

केळीबन

कराचं बरं झालं काढलंत, मी मूळ लेखात लिहायचं विसरले. माझे वर्षाचे २०,४०० मंजूर, पण केंद्राचा आयकर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर आधीच कापून हातात चौदा हजारांच्या आसपास आले. राज्याचा कर आपला आपण बघायचा. शिवाय पैसे बँकेकडे परस्पर जात नाहीत, आपल्या खात्यात जमा होतात आणि कर्जात आपणच भरायचे. तिसऱ्या वर्षाचा अर्ज करताना मिळालेला पैसा खरोखर कर्जात गेल्याचे पुरावे मागतात. मी त्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि पैसे आले त्याच दिवशी भरत गेले. त्यातून फ्रीजसुद्धा घेतला नाही.

आणि अर्जाच्या वेळी सगळ्यात जास्त दमछाक कशाने होते माहितीये? एचआरच्या फॉर्मने. तुम्ही तिथे काम करता हे हॉस्पिटलच्या माणसाने ऑनलाइन भरून द्यायचं असतं. लहान हॉस्पिटलात एचआर म्हणजे एकच बाई, तीच पगार करते आणि तीच नाताळची पार्टी. मी तिच्या दाराशी तीन दिवस जाऊन उभी राहिले. मुदत संपली की संपली, आपलं कारण तिथे कुणी ऐकत नाही.

अनवट

मी नर्स नाही, माझी बायको नर्स आहे, ओहायोत. तिच्या वतीने विचारतो. ती मेडिकल-सर्जिकल वॉर्डात सात-सात पेशंट बघते आणि घरी येऊन पायऱ्यांवरच बसते. तिथे नर्स का टिकत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग कर्जाच्या लालचीने माणसाला त्याच जागी दोन वर्षं बांधून ठेवणं हा इलाज कसा? मधे नाहीच झेपलं तर?

केळीबन

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मधे सोडलं तर करारभंग होतो. घेतलेले पैसे व्याजासकट तीन वर्षांच्या आत परत करावे लागतात. पण जागा बदलता येते: दुसऱ्या पात्र ठिकाणी बदली मागायची, आधी मंजुरी घ्यायची, मग राजीनामा द्यायचा. हा क्रम उलटा झाला की अडकलात. वर्षाला ७ आठवड्यांपर्यंत रजा चालते, बाळंतपण किंवा आजारपणासाठी सेवा तात्पुरती थांबवता येते, फक्त तेवढे दिवस पुढे वाढतात.

झेपण्याबद्दल सांगते. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री बर्फाचं वादळ आलं. सकाळच्या पाळीची नर्स रस्त्यात अडकली, हेलिकॉप्टर उडेना. मजल्यावर आम्ही दोघी आणि अकरा पेशंट. त्यात एक ऐंशीचे शेतकरी आजोबा, हार्ट फेल्युअर, उताणं झोपता येत नव्हतं. बारा तासांची पाळी अठरा तासांची झाली. सकाळी उशिरा त्यांच्या पाठीमागे उशा लावत होते तर ते म्हणाले, "तू अजून इथेच?" मी म्हटलं, "हो, इथेच." त्यांनी माझा हात धरला तो सुटेचना. त्या रात्री मी कर्जामुळे तिथे होते की त्यांच्यामुळे, हे मला खरंच वेगळं करता येत नाही. पण अशी रात्र महिन्यातून चारदा यायला लागली तर कुठलीही योजना माणूस टिकवू शकणार नाही, हेही तितकंच खरं.

म्हणूनच मुलाखतीत मी सांगेन ते विचारा: रात्री एका नर्सकडे किती पेशंट, गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या, अडचणीत बदलीला कोण येतं. उत्तर देताना समोरचा माणूस खाली बघायला लागला तर स्कोअर कितीही चांगला असो, ते ठिकाण नको.

स्टेथो

अनवट, आमच्या राज्यात यावर कायदा आहे. १९९९ला झाला, २००४पासून लागू. अतिदक्षता विभागात एका नर्समागे दोनच पेशंट, मेडिकल-सर्जिकलला पाच. पाचावर सहावा देता येत नाही. माझी बायको फ्लोअरवर नर्स आहे, ती या एका कारणासाठी राज्य सोडायला तयार नाही. कर्जाची मदत नर्सला वॉर्डापर्यंत आणते, तिथे राहायचं की नाही हे पेशंटची संख्या ठरवते. दोन्ही लागतं.

शांता_सिस्टर_निवृत्त

मुलींनो, मी अमेरिकेतली नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली सहा मेळघाटच्या पायथ्याशी. नातीने हा धागा वाचून दाखवला. आमच्या नर्सिंग कौन्सिलचा नियम कागदावर चांगला आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचामागे एक. मी रात्रपाळीला चाळीस खाटा आणि खाली सतरंजीवर आणखी दहा-बारा, अशी एकटी असायची. सोबत एक मावशी. सलाइन संपली की नातेवाईकच हाक मारायचे, तेवढ्यावर वॉर्ड चालायचा.

आता राज्यात मुलींना फीमाफी झालीय, २०२४च्या जुलैपासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या. हे फार मोठं काम झालं, शिकायला येणारी मुलगी कर्जाशिवाय येईल. पण शिकून झाल्यावर ती धारणी-अक्कलकुव्याला जाऊन राहावी म्हणून तिला काय देता, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावरही झोपू देत नाही. आम्ही दिले ते फक्त बदलीचे आदेश. राहायला खोली नाही, पाणी दुरून आणायचं, रात्री एकटीने वॉर्ड ते क्वार्टर चालत जायचं. केळीबन, तुझ्या त्या आजोबांचं वाचून मला माझ्या दोन-तीन रात्री आठवल्या. स्वतःच्या पाठीला जप, उशा लावताना गुडघ्यातून वाक.

केळीबन

शांता सिस्टर, नमस्कार करते. गुडघ्यातून वाकायचं लक्षात ठेवीन.

मिरजकर_सिस्टर

सिस्टर, तुमचं वाचून रडायला आलं. आमच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलवाले कपाटात ठेवून घ्यायचे, दोन वर्षं सोडून जाऊ नये म्हणून. कौन्सिलने ते चुकीचं ठरवलेलं होतं, पण मागायची हिंमत कुणाची? इथल्या योजनेत निदान बांधून ठेवण्याच्या बदल्यात काहीतरी देतात आणि अटी लेखी असतात.

केळीबन, बँकेला आज ईमेल केला. एकरकमी भरायची रक्कम विचारलीय.

एडिसनकर

मुलीला धागा पाठवला. ती म्हणते तिला पुढे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. पदव्युत्तर कर्जाचे नियम बदलले म्हणतात ते काय?

स्टेथो

२०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज) बंद. पदव्युत्तरला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरची मर्यादा. 'व्यावसायिक' पदव्यांना वर्षाला ५०,०००, पण शिक्षण खात्याच्या प्रस्तावात नर्सिंग त्या यादीत नाही आणि नर्सिंग संघटनांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला. मुलीला सांगा, आधी आरएन म्हणून दोन-तीन वर्षं काम कर, जुनं कर्ज हलकं कर. शिकवणी फी भरणारं हॉस्पिटल मिळालं तर पुढचं शिक्षण त्यांच्या पैशावर कर, मात्र त्यांचाही सेवेचा करार असतो, तो नर्स कोअरच्या आधी किंवा नंतर ठेव.

केळीबन

स्टेथोंना अनुमोदन.

आज रात्रपाळी आहे म्हणून थोडक्यात. त्या टेक्सासच्या मुलीचा परत फोन आला. तिने दोन्ही पत्ते तपासले. पहिली जागा खासगी कंपनीची निघाली, जिथे पाच हजार जास्त पगार होता ती. दुसरी काउंटीचं हॉस्पिटल, स्कोअर १८. तिथे रात्रीचं प्रमाण विचारलं तर नर्स मॅनेजरने तिला थेट फ्लोअरवर नेलं आणि पाळ्यांचा तक्ता दाखवला. ती तिथे जातेय.

माझं तिसरं वर्ष मंजूर झालं, १७,०००. करकपात होऊन येईल ते येईल. आमच्या फळ्यावर या महिन्यात लाल पाळ्या सहा आहेत. त्यातल्या दोन मी घेतल्या, चार अजून रिकाम्या आहेत. कुणाला पश्चिम कॅन्ससला यायचं असेल तर निरोप करा, खोली मिळेपर्यंत आमच्याकडे राहता येईल.